शिट्टी वाजली की हात वर

बडनेऱ्याच्या कापसाच्या जिनात दुपारची भाकर सोडून बसलं, की डोमाजी खंडाऱ्यांना कोणी ना कोणी विचारायचंच.

"काय डोमाजी, पोरगा कोठी हाय आता?"

"अकोल्याले. मिलमधी."

"मिलमधी काय करते?"

"खेयते."

"खेयते थे झालं. पन करते काय?"

इथं डोमाजी तोंडातला घास उगाच जास्त चावायचे. मग पाण्याचा घोट. मग खाकरा. आणि मग मान वर करून, "थेच करते. त्याचाच पगार देतेत त्याले."

जिनातल्या माणसांच्या भुवयांना, मिशांना रुई चिकटलेली असायची. पंचविशीतलं पोरगंही दुपारपर्यंत पिकलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसायचं. ते सगळे पांढऱ्या मिशांचे गडी मांडीवर थापा मारून हसायचे. एखादा म्हणायचा, "मी लहानपनी लय खेयलो, बाप्पा. माहा पगार कोनाकडे निंघते?"

हे सगळं श्रावणाच्या कानावर यायचं ते आईकडून; तीही त्याच जिनात कामाला होती. तो सुटीत बडनेऱ्याला आला की चतुराबाई चुलीपुढून सांगायची, आणि सांगायची म्हणजे करून दाखवायची. मुकादमाचा नाकातला आवाज, बोजे उचलणाऱ्यांचं खो खो हसणं, आणि शेवटी नवऱ्याचा तो खाकरा. डोमाजी भिंतीला टेकून बसलेले असायचे. "असा खाकरतो काय मी?" म्हणून ते विचारायचे आणि विचारण्याआधी अगदी तसंच खाकरायचे.

श्रावणही हसायचा. पण हसणं झाल्यावर बाबा त्याच्याकडे बघून एवढंच म्हणत, "होळीपावतर."

ही होळीची मुदत कशी आली ते सांगायचं, तर चार वर्षं मागं जायला हवं.

सत्तावन्न साली श्रावण अमरावतीच्या कॉलेजात आला, तेव्हा बास्केटबॉल हा शब्द त्यानं ऐकलासुद्धा नव्हता. त्याच्यापाशी फक्त उंची होती आणि ती आजवर कोणाच्या कामाला आली असेल तर शेजारणींच्या. "श्रावण, माळ्यावरचं पातेलं काढून दे रे बावा," असं म्हणत चार घरच्या बाया त्याला बोलावून न्यायच्या. बाकी ती उंची म्हणजे कटकट. चौकट कपाळाला लागायची, पायजमा पोटरीवर यायचा, आणि एस.टी.त बसलं की गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीत.

कॉलेजातले खेळाचे शिक्षक जोगळेकर सर हे सांगलीकडचे. बुटके, गोरे, सायकलवरून फिरणारे, आणि विद्यार्थ्यालाही अहोजाहो करणारे. वऱ्हाडी पोरांना ते अहोजाहो आधी टोमण्यासारखं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात सरांनी श्रावणाशेजारी करकचून ब्रेक लावला.

"अहो, ओ वरचे!"

"मी, सर?"

"तुम्हीच. त्या मजल्यावर आणखी कोणी राहतं का? नाव काय आपलं?"

"श्रावण डोमाजी खंडारे."

"खंडारे, तुम्हाला टोपलीत चेंडू टाकता येईल?"

श्रावणानं इकडंतिकडं पाहिलं. "टोपली कोठी हाय, सर?"

"तुमच्या डोक्यापासून थोडीशी वर. बाकीच्यांपासून मात्र फार लांब. संध्याकाळी या."

कॉलेजचं कोर्ट म्हणजे काळ्या मातीवर पसरलेला मुरूम. पावसाळ्यात तो चिखलात बुडायचा आणि उन्हाळ्यात त्याखालच्या मातीला अशा भेगा पडायच्या की चेंडू आपटला तर तो पुढं जाईल, मागं येईल की भेगेतच बसून राहील, हे कोणी सांगू शकत नसे. त्यामुळे अमरावतीच्या पोरांची एक वेगळीच तऱ्हा झाली होती. चेंडू शक्यतो जमिनीला लावायचाच नाही. हातातून हातात, हातातून हातात, आणि वर. श्रावण हेच शिकला. जमिनीवर भरवसा नाही, सोबत्यावर आहे.

मग पहिल्यांदा नागपूरला गेले तर तिथं सिमेंटचं कोर्ट. श्रावणानं सवयीनं, भेगेत अडकू नये म्हणून, चेंडू अंगातला सगळा जोर लावून आपटला. तो सरळ वर आला आणि नाकावर बसला. नागपूरची पोरं लोळायची तेवढी बाकी राहिली. रक्त थांबेपर्यंत जोगळेकर सर त्याच्या नाकाला रुमाल धरून उभे होते.

"अहो खंडारे, हे सिमेंट आहे. जेवढं द्याल तेवढंच परत देतं. जरा विश्वास ठेवून बघा."

त्यानं विश्वास ठेवला. दुसऱ्या वर्षी तो विद्यापीठाच्या संघात होता. तिसऱ्या वर्षी अमरावतीच्या सामन्याला लोक सायकली भिंतीला टेकवून, झाडांवर चढून बसायचे आणि खंडाऱ्यांचा खंड्या करून ओरडायचे, "मार बुडी, खंड्या!" तो पक्षी कसा पाण्यात सूर मारतो आणि चोचीत मासा घेऊन वर येतो, तसा श्रावण गर्दीत शिरायचा आणि टोपलीपाशी वर निघायचा.

या सगळ्याचं त्याला अप्रूप होतं, पण त्याहून मोठं अप्रूप होतं सरांच्या घरच्या एका जेवणाचं. पहिल्यांदा तो तिथं जेवला तेव्हा बाहेरच्या ओसरीवर बसायच्या तयारीनं गेला होता. काकूंनी त्याचं पान आत, सरांच्या पानाशेजारी मांडलेलं होतं. वरण वाढताना काकूंनी फक्त विचारलं, "अजून?" पुढं आयुष्यात त्याला हार मिळाले, ढाली मिळाल्या, पण कोणाचे उपकार मोठे असं विचारलं की तो त्या एका शब्दापाशी यायचा.

एकसष्ट साली तो बी.ए. झाला आणि त्याच्यापुढं दोन वाटा आल्या. एक कलेक्टर कचेरीतली कारकुनी. भरती होळीनंतर होती आणि बी.ए. झालेल्या पोराला अडचण नाही, असं तिथल्या हेडक्लार्कनं डोमाजींना सांगितलं होतं. दुसरी वाट अकोल्याच्या एका कापड मिलची. मिलच्या शेटजींना हौस एकच, नागपूरच्या संघाला हरवायची. त्यासाठी त्यांनी गावोगावची चांगली पोरं पगारावर ठेवायला सुरुवात केली होती. नाव घडी खात्यात, सकाळी थोडा वेळ तागे घडी करायचे, उरलेला दिवस खेळायचं. हंगाम आला की आज जबलपूर, उद्या हैदराबाद. खेळावर पोट भरणारा माणूस म्हणजे पहिलवान, एवढंच वऱ्हाडाला तोवर ठाऊक होतं.

श्रावणानं घरी सांगितलं तेव्हा डोमाजी खाकरले नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाबासायबानं शिका मनलं. चेंडू आपटा असं कवा मनलं?"

"बाबा, शिकलो म्हूनच त मले बलावलं त्याईनं."

"बीए झालेला मानूस लोकाईसमोर अर्ध्या चड्डीत पयते! तुले लाज वाटत नसन, मले वाटते."

चड्डीचं नुसतं नाव होतं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती श्रावणाला माहीत होती. त्यांचं मूळ गाव कौंडण्यपूरच्या अलीकडचं. डोमाजींचा बाप गावातल्या लग्नांत डफडं वाजवायचा, आणि जिनात लागल्यावरही लग्नसराईत गावी जाऊन डोमाजी वाजवायचे. वरात पुढं सरकेल तसं उलटं चालत वाजवायचं, कोणी फेकलं ते उचलायचं, आणि वराती लोकांना रंग चढला नाही तर शिव्या खायच्या. छप्पनच्या दसऱ्याला डोमाजी आणि चतुराबाई पांढरी वस्त्रं नेसून नागपूरला जाऊन आले, आणि आल्या दिवशी डोमाजींनी ते डफडं खुंटीवरून उतरवलं. पुन्हा ते घरात दिसलं नाही.

"आमी डफडं सोडलं," ते म्हणाले, "अन तू आता मालकाच्या आंगनात नाचाले चालला? तो खुर्चीत बसून टाया वाजवन, अन तू नाचशीन?"

शेवटी चतुराबाईच मधे पडली. "एक डाव जाऊ द्या त्याले. तुमी सोता जाऊन पाहा, मंग बोला."

डोमाजींनी बराच विचार केला. "बरं. एक हंगाम. मी येऊन पाहीन. काम असन त राह्य. तमाशा असन त होळीनंतर गुमान कचेरीत जाऊन बस."

अशी ती मुदत.

अकोल्यात जठारपेठेतल्या एका घरात मिलचे खेळाडू राहायचे. कप्तान होता ओमप्रकाश, शेटजींचा सख्खा भाचा. त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडं, पण तो जेवायला इथंच पडलेला असायचा, कारण घरी कांदा-लसूण चालत नसे आणि ओमप्रकाशला त्याशिवाय चालत नसे. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, आणि सगळं धावपळीत. पहिल्या दिवशी श्रावण पाणी प्यायला माठापाशी गेला आणि पेला हातात घेऊन जरा थबकला. ओमप्रकाशनं तो पेला त्याच्या हातातून ओढला, बुडवला, अर्धा स्वतः प्यायला आणि अर्धा त्याच्या हातात दिला.

"अबे जल्दी कर ना यार, प्रॅक्टिसले टाइम होऊन राहिला."

श्रावण ते उरलेलं पाणी प्यायला आणि धावत त्याच्यामागं गेला.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, मिलच्याच कोर्टवर शेटजींची स्पर्धा असायची. यंदा अंतिम सामना मिल आणि नागपूर यांच्यातच ठरला, तसं श्रावणानं घरी कळवलं, या. मनात त्यानं सगळं बेतलं होतं. बाबा येतील, तो एकामागून एक बुड्या मारील, लोक ओरडतील, आणि बाबांना दिसेल की ही कला आहे, ही मेहनत आहे, हे काम आहे.

सामन्याच्या दिवशी दुपारी ओमप्रकाशनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "श्रावण, आज बास्केट भूल जा. उनका वो सात नंबर देखा? आंधळ्यानं फेकला तरी जाते त्याचा बॉल. तू फक्त त्याले पकड. साया बनके चिपक."

"आज माहे माय-बाबा येऊन राहिले ना यार."

"तो क्या हुआ? सात नंबरके माय-बाप नहीं क्या?"

सात नंबरला अडवायचं म्हणजे अंगाला अंग लागणारच. आणि अंगाला अंग लागलं, ढक्का बसला, हातावर हात पडला की पंच शिट्टी वाजवतो, नंबर पुकारतो. मग ज्याची चूक त्यानं टेबलाकडं तोंड करून हात सरळ वर करायचा. अशा पाच चुका झाल्या की खेळाडू बाहेर. म्हणजे बाबांसमोर टोपलीत चेंडू टाकायचा नाही, वर हात उचलून चुका कबूल करत बसायचं. पण कप्तानाचा शब्द होता.

चार वाजता ऊन कलतं झालं. एका बाजूला सोफ्यावर शेटजी आणि त्यांचे पाहुणे, तिन्ही बाजूंना मिलचे कामगार. मागांवर काम करणाऱ्या साच्यावाल्यांच्या घोळक्यात डोमाजी बसले होते, परीटघडीचं धोतर, पांढरी टोपी, पाठ ताठ. शेजारी चतुराबाई मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. शेजारच्या साच्यावाल्याला तिनं सामना सुरू व्हायच्या आत सांगून टाकलं होतं, "थो साऱ्याईत उंच हाय ना, थो आमचा."

सुरुवातीलाच सात नंबर वळला आणि श्रावण त्याच्यावर आपटला. शिट्टी वाजली.

"नऊ नंबर!"

श्रावणानं हात वर केला. बाबांकडं बघायचं नाही असं ठरवूनही डोळे तिकडं गेले. डोमाजी जास्तच ताठ बसले होते.

पुढं सात नंबरनं कोपरानं श्रावणाला बरगडीत डिवचलं आणि पंचांना ते दिसलं नाही. चतुराबाईला मात्र दिसलं. जिनाच्या भोंग्याशी बोलायची सवय असलेला तिचा आवाज सगळ्या कोर्टावरून गेला. "ओ सायब! लोटलं ना माह्या पोराले! डोये कोठी ठेवले तुमी?" सोफ्यावरचे पाहुणे वळून बघायला लागले. श्रावणाला जमिनीत जावंसं वाटलं, पण कोर्ट सिमेंटचं होतं.

पुन्हा शिट्टी. "नऊ नंबर!" पुन्हा हात. या वेळी डोमाजींनी शेजारच्या साच्यावाल्याला कोपरानं ढोसलेलं त्याला दिसलं. तिसऱ्या शिट्टीला तर डोमाजी चक्क हसले आणि मिशीवरून हात फिरवला. श्रावणाला काही कळेना. आपला बाप आपल्या फजितीवर खूश होतो?

एक शिट्टी ओमप्रकाशच्याही नावानं झाली. "चार नंबर!" सोफ्यावर शेटजींनी कपाळाला आठ्या घातल्या. ओमप्रकाश दोन शब्द तोंडात चावत टेबलाकडं वळला आणि त्यानंही हात वर केला.

सात नंबर तोवर घामानं निथळत होता. डावीकडं गेला तर श्रावण, उजवीकडं गेला तर श्रावण. त्याचे हमखास जाणारे चेंडू कडेला लागून परत यायला लागले. नागपूरची पोरं एकमेकांवर ओरडायला लागली. आणि शेवट जवळ आला असताना, सात नंबर टोपलीपाशी उसळला तेव्हा, श्रावणाचा हात चेंडूवर न पडता मनगटावर पडला.

"नऊ नंबर! पाच!"

तो बाहेर आला, टॉवेल डोक्यावरून घेतला आणि खुर्चीत बसला. टॉवेलच्या आतून त्याला फक्त ओरडा ऐकू येत होता. ओमप्रकाशनं शेवटचा चेंडू टाकला, मिल एका बास्केटनं जिंकली, शेटजी सोफ्यावरून उठले, कामगारांनी ओमप्रकाशला उचललं. श्रावण टॉवेलखालीच होता. त्याला कलेक्टर कचेरीतलं टेबल दिसत होतं, दौत आणि टाकासकट.

कोणीतरी टॉवेल ओढला. समोर डोमाजी होते.

"पाह्यलं मी," ते म्हणाले. खाकरले. "पाच खेपा! पाच खेपा सायबानं तुयाच नंबर पुकारला. बाकीच्याईचा एक, लय झाला त दोन. मी त्या गड्याले मनलं, पाह्य, आमच्या पोराशिवाय सायबाचं पानबी हालत नाई. अन तू कसा, नाव निंघालं का हात वर! एकबी खेप चुकवली नाई."

श्रावणाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. रोज सकाळी जिनाच्या फाटकाशी मुकादम शिट्टी फुंकतो आणि नावं पुकारतो. ज्याचं नाव निघालं त्यानं हात वर करायचा आणि आत जायचं. ज्याचं निघालं नाही तो परत घरी. सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त ज्याचं नाव पुकारलं जातं, तो सगळ्यात कामाचा गडी. डोमाजींनी सगळा जन्म त्या फाटकाशी काढला होता. शिट्टी आणि वर गेलेला हात यांचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"अन मंग तुले साऱ्याईच्या आंधी सुट्टी देली," ते सांगतच होते. "बसाले खुर्ची, पुसाले टावेल! हे काम हाय, श्रावण. मी मनतो, काम हाय. राह्य तू."

पाठीमागं ओमप्रकाश येऊन उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. हसू दाबताना त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. त्यानं श्रावणाची बनियन मागून ओढली आणि कानात पुटपुटला, "चूप राह्य. मान गए ना? हो मन अन चाल."

नुसतं हो म्हणायचं होतं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. होळी येऊन गेली असती, कचेरी राहून गेली असती. पण बाबा साच्यावाल्यांकडं वळून वळून बघत होते, आणि ते साच्यावाले खेळ कळणारे होते, माना खाली घालून हसत होते. श्रावणाला ते बघवेना.

"बाबा, थे हजेरी नव्हती."

"मंग काय होतं?"

"चुका. माह्या चुका. पाच झाल्या म्हून मले बाहीर काढलं."

"आता वं माय!" चतुराबाईनं गाठोडं छातीशी धरलं. "अन मी त साऱ्याईले सांगून आली!"

डोमाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग कोर्टाच्या कडेकडेनं चालायला लागले. श्रावण मागोमाग. ओमप्रकाश कपाळावर हात मारून तिथंच थांबला.

बरंच चालल्यावर डोमाजी पुढंच बघत म्हणाले, "चूक झाली हे कोन ठरवते?"

"पंच."

"थो मालकाचा मानूस?"

"नाई. भुसावळहून बलावतेत. थो कोनाचाच नाई."

"अन त्यानं शिटी वाजवली का हात वर कराचा?"

"हो."

"आपली नाई, दुसऱ्याची चूक हाय, असं मनता येते?"

"नाई येत, बाबा."

डोमाजी थांबले. "थो मालकाचा भाचा. त्यानंबी हात वर केला. मी पाह्यला."

"त्यालेबी कराच लागते."

"मालकासमोर?"

"मालकासमोर."

डोमाजी कोर्टाकडं बघत राहिले. तिथं आता पोरं गुलाल उधळत होती.

"आयुष्य जिनात गेलं," ते म्हणाले. "पट्टा तुटला, कापसाची गाठ पडली, कोनाचं बोट गेलं. कोनाची चूक, असं मनलं का सारे मातीकडे पाहेत. मुकादमाची चूक आमच्या नावावर निंघे. मालकाची त कधी निंघालीच नाई. अन डफड्याच्या वक्ती? वरात बिघडली का चूक डफडंवाल्याची, नवरदेवाची कधी नाई." ते पहिल्यांदा श्रावणाकडं वळले. "हे डफड्यावानी नाई हाय. राह्य तू."

श्रावणानं वाकून बाबांचे पाय शिवले.

"पन पाच लय झाल्या," डोमाजी वरून म्हणाले. "पुढच्या खेपेले चाराच्या आत राह्य."

त्यानंतर आठ हंगाम श्रावण खंडारे मिलकडून खेळला. मद्रास, कलकत्ता, हैदराबाद, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात गुडघे पोटाशी घेऊन त्यानं सगळा देश पाहिला. राज्याच्या संघातही गेला. एकदा, नोकरी संपवून सांगलीला परतलेले जोगळेकर सर खास तिथून आले आणि सामना चालू असताना पहिल्या रांगेतून ओरडले, "अहो खंडारे, कोपर आत!" आणि सत्ताविशीचा खंडारे दचकून म्हणाला, "हो सर." एकोणसत्तर साली गुडघ्यानं दगा दिला, तोवर मिलनं त्याला घडी खात्यात पक्कं केलेलं होतं, आणि तागे घडी करायला तो खरंच शिकलेला होता. तो लोकांना सांगायचा, मला मिळालं ते कोणी ना कोणी हातात आणून दिलं, मी फक्त वर टाकलं. सगळ्यात मोठा सामना कोणता, असं विचारलं की लोकांना कलकत्त्याचं ऐकायचं असायचं. तो ज्यात एकही चेंडू टोपलीत टाकला नाही, त्या सामन्याचं सांगायचा. आणि ते सांगणं सामना संपल्यावरच खऱ्या अर्थानं सुरू व्हायचं.

कारण पाय शिवून तो उभा राहिला तेव्हा डोमाजी टेबलाकडं निघालेले होते.

टेबलापाशी भुसावळचे पंच एकटेच होते. घाईघाईनं पिशवी भरत होते, कारण त्या दिवशी त्यांच्यावर सगळेच चिडलेले. नागपूरचे हरले म्हणून, कामगार नऊ नंबरला बाहेर काढलं म्हणून, आणि शेटजींचे पाहुणे भाच्याच्या नावानं शिट्टी वाजली म्हणून. पांढऱ्या टोपीचा एक उंच म्हातारा आपल्याकडं येताना बघून पंचांनी पिशवी छातीशी धरली.

"हे बघा, माझा निर्णय बदलणार नाही! आधीच सांगतो!"

"बदलू नका," डोमाजी म्हणाले. त्यांनी हात जोडले. "जय भीम, सायब. मी नऊ नंबरचा बाप. तुमी माह्या पोराले सोडलं नाई, अन शेटच्या भाच्यालेबी सोडलं नाई. थेवढंच सांगाले आलो."

पंचांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत या प्रसंगी काय बोलायचं ते त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. "बसा ना," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की खुर्च्या केव्हाच उचलून नेल्या आहेत.

"खालीच बसू," चतुराबाई मागून आली आणि तिनं गाठोडं सरळ सिमेंटवर सोडलं. "सायब, मघा मी तुमाले डोये नाई मनलं. मनावर घेऊ नका. भाकर खा."

"अहो नको, माझी गाडी..."

"गाडी काय भाकर देते?"

मग तिथंच, टेबलापाशी, गुलालात, पाच माणसं बसली. ओमप्रकाशला वासानंच पत्ता लागला होता; तो आला आणि सगळ्यात आधी कांदा उचलून बुक्कीनं फोडला. पंचांनी ठेच्याचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. चतुराबाईनं लगेच त्यांचा आवाज काढला, "नऊ नंबर! पानी!" पंच रडता रडता हसले. घसा मोकळा झाल्यावर त्यांनी भाकरी संपवली आणि गाठोड्याकडं बघत राहिले. ते रिकामं झालं होतं.

डोमाजींनी आपल्या हातातली भाकर मधून मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढं केली.